दीड मीटरची अट

रेडिंगच्या मराठी मुलांनी त्याला टीटीकाका म्हणायला सुरुवात केली ती त्याच्या गाडीवरून. पुढे ते नाव इतकं रुळलं की एका गणेशोत्सवात खजिनदाराने वर्गणीच्या पावतीवरही तेच लिहिलं. त्याने पावती बदलून मागितली नाही. उलट जपून ठेवली. गाडी म्हणजे ऑडी टीटी, २००२ सालची, चंदेरी, दोन दारांची कूपे. पुण्याहून पहिल्यांदाच आलेल्या त्याच्या सासूबाईंनी हे नाव ऐकून काळजीने विचारलं होतं, "टीटी म्हणजे गंजकं काही लागलं की घेतात ते इंजेक्शन ना?" हे त्याच्या जिव्हारी लागलं. गाडीला गंज नव्हता. तळालासुद्धा नव्हता. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून दर फेब्रुवारीत तो स्वतः गाडीखाली आडवा होऊन तिचा तळ धुवायचा.

गाडीवेडी माणसं इंग्लंडात पैशाला पासरी. टीटीकाकाचं वेगळेपण असं, की आपल्याला वेड आहे हे त्याला अजिबात मान्य नाही. तो एका विमा कंपनीत जोखमीचे आकडे मांडतो आणि घरीही तेच करतो. त्याच्या मते त्याने आयुष्यात एकही गोष्ट हौसेखातर केलेली नाही. कॉफीचं इटालियन यंत्र आणलं ते बाहेरची कॉफी महाग पडते म्हणून. स्वयंपाकघरात जपानी सुरी आली ती कांदा वाया जाऊ नये म्हणून. आणि लग्नाआधी, २००९ मध्ये, सात वर्षं जुनी टीटी घेतली ती का? "नवीन गाडीची किंमत शोरूमच्या बाहेर पडल्या पडल्या कोसळते. हिची आधीच कोसळलेली होती. म्हणजे तोटा कुठाय?"

आपल्या मध्यमवर्गाला नुसतं 'हवं होतं म्हणून घेतलं' असं म्हणता येत नाही. सोनं ही गुंतवणूक असते, सहल मुलांच्या ज्ञानासाठी असते आणि हापूसची पेटीसुद्धा पाहुणे येणार म्हणून आणलेली असते. हे सगळं शिक्षण घेऊन टीटीकाका डोंबिवलीतून निघाला आणि एका टर्बो इंजिनाच्या प्रेमात पडला. मग त्याने तेच केलं जे आपल्यापैकी कुणीही केलं असतं. प्रेमाची नोंद खर्चाच्या वहीत केली, पण बचतीच्या रकान्यात.

गाडी देखणी होती, हे मात्र मला कबूल करायलाच हवं, आणि मी स्वतः अशी जपानी हायब्रिड चालवतो जिचा रंग मला विचारल्याशिवाय आठवत नाही. १९९५च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ऑडीने टीटीचा नमुना मांडला आणि १९९८ मध्ये ती रस्त्यावर आली, तेव्हा नमुन्यातली वळणं जवळपास जशीच्या तशी होती. असं सहसा होत नाही. प्रदर्शनातली गाडी आणि विकायची गाडी ह्यांच्यात मुलीच्या फोटोतली आणि प्रत्यक्षातली तफावत असते, असं आमचे एक विवाहमंडळवाले काका म्हणायचे. फ्रीमन थॉमस आणि पीटर श्रायर ही तिच्या डिझायनरांची नावं टीटीकाका घराण्याचे गुरू सांगावेत तशा सुरात सांगायचा, कानाला हात तेवढा लावायचा राहायचा. पेट्रोलच्या झाकणाभोवतीचे उघडे बोल्ट तो पाहुण्यांना बोट लावून बघायला द्यायचा. नाव आइल ऑफ मॅनच्या टुरिस्ट ट्रॉफी शर्यतीवरून पडलं, इंजिन १.८ लिटर, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, ताकद २२५ अश्वशक्ती. हे सगळं मला पाठ आहे. मी पाठ केलेलं नाही.

मागच्या काचेखाली एक छोटी पट्टी होती, स्पॉयलर म्हणतात ती. सुरुवातीच्या टीटींना ही पट्टी नव्हती. जर्मनीत त्या गाड्यांना भरधाव वेगात गंभीर अपघात झाले, तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून पट्टी बसवली, सस्पेन्शन बदललं, घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली. दुसरा कुणी असता तर ही हकीकत बायकोपासून लपवली असती. टीटीकाकाने लग्न ठरल्यावर वहिनींना ती पहिल्याच भेटीत सांगितली आणि निष्कर्ष काढला: "म्हणजे बघ, सुरक्षिततेचा इतका विचार झालेली दुसरी गाडी नाही."

वहिनींनी लग्न केलं. त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो की त्या कमी बोलतात आणि कागद वाचतात.

आता त्या अटीकडे येतो. टीटीला मागे दोन जागा आहेत, म्हणजे कंपनीच्या मते आहेत. छत मागे इतकं उतरत जातं की मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर डिकीच्या दाराची काच येते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट सूचना असते की दीड मीटरहून उंच व्यक्तीने मागे बसू नये. पहिल्या बाळंतपणासाठी सासूबाई येणार होत्या, तेव्हा टीटीकाकाने पहिलं काम काय केलं असेल, तर पुण्याला फोन करून त्यांची उंची विचारली. सासूबाईंना वाटलं विमानाच्या सीटसाठी विचारतोय. चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर. आमच्या सगळ्या ओळखीत पुस्तिकेप्रमाणे मागे बसायला पात्र असलेली ती एकमेव सज्ञान व्यक्ती होती, आणि ती त्याच्याच घरात निघाली ह्याचा त्याला झालेला आनंद कुठल्याही जावयाला शोभेल असा होता.

हीथ्रोवर मलाही बोलावलं होतं. का, ते तिथे पोचल्यावर कळलं. वहिनी आठव्या महिन्यात, त्यामुळे त्या पुढे. मागची अर्धी सीट पाडून एक तेवीस किलोची बॅग आत गेली, उरलेल्या अर्ध्या सीटवर डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन सासूबाई गेल्या, आणि दुसरी तेवीस किलोची बॅग माझ्या हायब्रिडमध्ये आली. "बघा, सगळं मावलं!" असं तो ह्यानंतर वर्षभर सांगत होता. रेडिंगला उतरल्यावर (उतरायला दोघांनी हात धरावा लागला) सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, विमानात खिडकी मिळाली नव्हती. इथे आकाश छान दिसलं." त्याने हा अभिप्राय कौतुक म्हणून नोंदवून घेतला.

मुलं झाली, मुलगा आणि मग मुलगी, आणि मागच्या दोन्ही जागा भरल्या. इथे त्याच्या हिशेबाला खरी धार आली. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे मुलाला बारा वर्षांचं होईपर्यंत किंवा त्याची उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत, जे आधी होईल तोवर, लहान मुलांची सीट लागते. ती टीटीत बसवताना माणसाची कंबर जाते. पुस्तिकेप्रमाणे १५० सेंटिमीटरच्या वर मूल मागे बसवता येत नाही. "म्हणजे," तो मला एकदा अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "१३५ ते १५० ह्या पट्ट्यात मूल टीटीसाठी आदर्श असतं." पंधरा सेंटिमीटर. माणसाच्या बालपणाचा सुवर्णकाळ इतका नेमका मोजणारा दुसरा बाप मी पाहिलेला नाही.

डिकी लावताना तो "डोकी!" म्हणून ओरडायचा आणि मागे बसलेली दोन्ही पोरं एकदम मान खाली घालायची. ही सवय त्यांच्या हाडात मुरली. एकदा सहलीला मुलगा दुसऱ्या कुणाच्या सात सीटच्या गाडीत बसला होता. डिकी लावल्याचा आवाज आला तशी ह्याची मान आपोआप खाली. त्या घरच्या बाईंना वाटलं पोरगा प्रार्थना करतोय.

रविवारी पहाटे टीटीकाका एकटाच वेल्सला जायचा. ब्लॅक माउंटनवरून जाणारा ए४०६९ नावाचा एक नागमोडी रस्ता आहे, मेंढ्या आणि ढग सोडले तर मोकळा. येऊन-जाऊन तीनशे मैल. कारण? "टर्बोला आठवड्यातून एकदा मोकळं पळवलं नाही तर आत कार्बन धरतो." म्हणजे हे औषधपाणी होतं. जाताना सेव्हर्न पुलावर टोल असायचा. डिसेंबर २०१८ मध्ये तो कायमचा उठला, तेव्हा टीटीकाकाने वाचणाऱ्या पैशांचा हिशेब केला आणि फेऱ्या वाढवल्या. न जाणं म्हणजे आता बचतीची संधी दवडणं होतं. त्या रस्त्यावर मी एकदाच त्याच्याबरोबर गेलो. गाडी चालवताना तो बोलत नाही. शब्दच नाही. पुस्तिका नाही, टक्केवारी नाही, अश्वशक्ती नाही. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना चेहऱ्यावर शाळा सुटल्याचा भाव. वर पोचल्यावर त्याने इंजिन लगेच बंद केलं नाही, टर्बो निवावा म्हणून मिनिटभर चालू ठेवलं, आणि थर्मासमधला चहा ओतत म्हणाला, "इथलं पेट्रोल स्वस्त पडतं." ते पडत नाही.

तर मुलगा वाढत होता. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि १५० ला टीटीकाकाने लाल रेघ मारून ठेवलेली. १४४ पर्यंत तो शांत होता. १४७ ला, म्हणजे मुलाने आजीला गाठलं तेव्हा, त्याने मोजायची वेळ सकाळऐवजी रात्रीची केली. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि माणूस सकाळपेक्षा रात्री साधारण सेंटिमीटरभर बुटका भरतो. हे शास्त्रीय सत्य आहे, पण त्याचा असा उपयोग मी दुसऱ्या कुणाच्या घरात पाहिला नाही. शाळेने मुलाला बास्केटबॉलच्या संघात घेतलं तेव्हा बापाने बुद्धिबळाचे फायदे सांगितले. २०२३च्या शरद ऋतूत, एका रात्री, मोजे काढून, मान किंचित वाकवूनही, पोरगा १५१ भरला.

त्या रात्री वहिनींनी जेवणाच्या टेबलावर टीटीची पुस्तिका त्या पानावर उघडून ठेवली. बाजूला वरणाचं पातेलं. काही बोलल्या नाहीत.

टीटीकाकाने शेवटची लढाई दिली. ती मला फोनवरून ऐकवली, म्हणून माहीत. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुनी गाडी ऐतिहासिक धरतात, तिला रस्ताकर माफ असतो. २००२ सालची टीटी एप्रिल २०४३ पासून करमुक्त होणार. "आता विकणं म्हणजे एफडी मुदतीआधी मोडणं!" वहिनींनी विचारलं, की २०४३ पर्यंत मुलाने डिकीत बसायचं का? डिकी २२० लिटरची. त्यात मुलगा मावत नाही हे मोजायची गरज नव्हती, पण माझी खात्री आहे की त्याने मनातल्या मनात मोजलं. त्याच नोव्हेंबरात हंगेरीतल्या ग्यर इथल्या कारखान्यातून शेवटची टीटी बाहेर पडली. पंचवीस वर्षांनी ऑडीने हे मॉडेलच बंद केलं. ती बातमी त्याने मला पाठवली, खाली फक्त एक वाक्य: "म्हणजे मी एकटाच नाही."

मग सुरू झाला शोध, आणि ह्यात मला त्याचा खरा स्वभाव दिसला. मला वाटलं होतं, हा आता रडत-कढत एखादी शहाणी गाडी घेईल. तसं नव्हतं. व्यवहारी गाडी शोधायलाही तो तितकाच पेटला होता जितका टीटीसाठी. एक्सेल उघडलं गेलं. वहिनींना त्यांच्या अटी विचारल्या, तर त्या म्हणाल्या, "दारं." आणि जरा थांबून, "आणि ऑटोमॅटिक. बाकी तू बघ." त्या 'बाकी'त टीटीकाकाने बावीस रकाने भरले. फोक्सवॅगन गोल्फ आर: डिकी लहान. बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज टूरिंग: देखणी, पण ऑफिसात साहेबाकडे तीच आहे. सेआत लिओन कुप्रा: "आईंना नाव उच्चारता येणार नाही." हा नकार नोंदवताना त्याने सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून खरंच उच्चारून घेतलं होतं. मनात स्कोडा आधीच ठरलेली होती, असा माझा दाट संशय आहे. रकाने तिच्या मापाने शिवले होते.

स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस इस्टेट. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ अश्वशक्ती, पाच दारं, ६१० लिटरची डिकी. बाहेरून बघितली तर कुणीतरी वॉशिंग पावडर आणायला निघालंय असं वाटावं. शून्य ते शंभर साडेसहा सेकंदांच्या आसपास, म्हणजे टीटीइतकीच. ही गाडी नेमकी कुणासाठी बनवली असेल ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. आता कळलं. जगभर असे लाखो टीटीकाका असणार. त्यांना वेग हवा असतो आणि तो वाण्याच्या पिशवीत घालून घरी न्यायचा असतो.

शोरूममध्ये त्याने नेलेलं सामान असं: तेवीस किलोच्या दोन बॅगा (रिकाम्या नाहीत, जुनी पुस्तकं भरून वजन पक्कं केलेलं), पाच लिटरचा प्रेशर कुकर, मंडळाचं गणपतीचं मखर आणि मुलगा. सगळं आत गेलं आणि वर जागा उरली. सेल्समनने आयुष्यात मखर पाहिलं नव्हतं. ते नाटकाचं नेपथ्य समजून त्याने त्याचे फोटो घेतले. पुढच्या सीटखाली छत्री होती. पेट्रोलच्या झाकणाच्या आत काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी अडकवलेली होती. टीटीच्या झाकणाला बोल्ट होते, इथे उपयोगाची वस्तू. वहिनींनी पट्टी काढली, पाहिली, परत लावली आणि पहिल्यांदाच एका गाडीबद्दल बोलल्या: "ज्याने हे केलं त्याला घर आहे."

टीटी विकायला काढली तेव्हा जाहिरात त्याने स्वतः लिहिली. मी ती वाचली. अर्ध्यापर्यंत गाडी विकायची आहे हेच कळत नव्हतं. येणाऱ्याला आधी प्रश्न. तेल कुठलं घालाल? टायमिंग बेल्टची मुदत ठाऊक आहे का? टर्बो निवू देता का? एक गृहस्थ तर कंटाळून "मी फक्त गाडी बघायला आलोय" म्हणून निघून गेले. शेवटी एक बावीस वर्षांचा पोरगा आला, सहा फूट उंच. टीटीकाकाने विचारलं, मागे कोण बसणार? पोरगा म्हणाला, कुणीच नाही, मागे गिटार ठेवीन. टीटीकाकाने गिटारची लांबी विचारली. मीटरभर. सौदा तिथेच झाला.

आता स्कोडाची सामाजिक बाजू. शेजारचे ऐंशी पार केलेले इंग्रज आजोबा दुसऱ्याच दिवशी कुंपणापाशी आले आणि त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीचा जोक काढला: स्कोडाची मागची काच गरम का करतात ठाऊक आहे? ढकलताना हात गारठू नयेत म्हणून. एकेकाळी ह्या देशात स्कोडावरचे जोक असे घरोघर चालायचे. ते सगळं फोक्सवॅगनने १९९१ मध्ये कंपनीत पाय ठेवण्याच्या आधीचं. टीटीकाकाने त्यांना कुंपणावरूनच सगळा इतिहास सांगितला, ऑडी आणि स्कोडा एकाच घराण्यातल्या कशा हे हातवारे करून समजावलं. आजोबा शांतपणे ऐकून म्हणाले, "तरी पण हातमोजे ठेव."

घरचा आहेर वेगळाच आला. मामेभाऊ छत्रपती संभाजीनगरला असतो. फोटो पाहून त्याचा फोन: "अरे दादा, स्कोडा घ्यायला इंग्लंडला कशाला गेलास? आमच्या शेंद्र्यातच बनवतात की! २००१ पासून ऑक्टाव्हिया बघतोय आम्ही. आमच्या सोसायटीत तीन डॉक्टर आणि एक बिल्डर, चौघांकडे होती." इकडे ज्या नावाला हसतात तेच नाव तिकडे डॉक्टर मंडळींचं, हे ऐकून टीटीकाका सुखावायला हवा होता, पण त्याला वेगळं ठरायचं होतं. तो म्हणाला, ही साधी नव्हे, व्हीआरएस आहे. २४५वाली भारतात २०२० मध्ये फक्त दोनशे आली, तीही बाहेरून आयात करून. मामेभाऊ क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "दोनशेच का? खपली नाही का?"

पण ह्या गाडीने त्याच्यावर उगवलेला खरा सूड रस्त्यावरचा. ब्रिटनमधली बरीच पोलिसदलं गस्तीला ऑक्टाव्हिया व्हीआरएस इस्टेटच वापरतात, आणि साध्या वेशातल्या गाड्याही असतात. टीटीकाकाने घेतलेला गडद करडा रंग त्यात आणखी भर घालणारा. आता तो मोटरवेवर कुणाच्याही मागे आला की पुढच्याला आरशात ती जाळी दिसते आणि तो ताबडतोब कायद्याचं पालन करू लागतो. नव्वदने चाललेला सत्तरवर येतो, सत्तरचा अडुसष्टवर. उजव्या लेनमधले सज्जनपणे डावीकडे सरकतात खरे, पण मग त्यांच्या पुढचा ब्रेक मारतो. २४५ अश्वशक्ती घेऊन तो एम४वरून सगळ्या जगाला शिस्त लावत जातो आणि स्वतः त्या शिस्तीत अडकतो. वेल्सच्या रस्त्यावरही तेच. "टीटीत होतो तेव्हा लोक मला आव्हान द्यायचे," तो म्हणाला. "आता लायसन्स शोधायला लागतात."

आणि जुनी गाडी त्याने सोडली असं समजू नका. इथे दर वर्षी गाडीची एमओटी नावाची तपासणी होते, आणि नंबर टाकला की कुठल्याही गाडीचा निकाल सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतो: किती मैल चालली, काय नापास झालं, कशावर शेरा मारला. पहिल्या वर्षाचा निकाल आला त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला, चहा नको म्हणाला. पुढच्या डाव्या टायरवर शेरा होता, झिजत आलाय. टायरचं त्याला एवढं नव्हतं. "मैल बघ," तो म्हणाला. "वर्षात अकराशे! अरे, मोकळी सोडतच नाहीये तो तिला. कार्बन धरला असेल." मी म्हटलं, विद्यार्थी असेल, पेट्रोल परवडत नसेल. त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, की ओळख न देता कुणाला पेट्रोलचं व्हाउचर पाठवता येतं का.

गेल्या पावसाळी शनिवारी (इथे पावसाळी हे विशेषण लावायची खरं तर गरज नाही) त्याच्या घरी गेलो तर तो दारातच कागद हलवत उभा. पोलिसांचं पत्र. तीसच्या रस्त्यावर एक्केचाळीस मैल वेगाने गाडी कॅमेऱ्यात सापडली होती. गाडी त्याच्या नावावर, म्हणून पत्र त्याला. चालवत कोण होतं हे लिहून कळवायचं. मला वाटलं, एवढ्या वर्षांच्या स्वच्छ लायसन्सवर डाग लागला म्हणून खचला असेल. पण त्याचा चेहरा वेल्समधल्या त्या वळणावर होता तसा.

"वार बघ. मंगळवार, दुपारी तीन वीस. मी ऑफिसात होतो."

वहिनी आत पोळ्या करत होत्या. त्याने फॉर्मवर त्यांचं नाव सुवाच्य अक्षरात भरलं होतं, आणि त्यांना पॉइंट्सऐवजी वेगाबद्दलच्या वर्गाला बसायची परवानगी मिळेल का ह्याची आकडेमोडही केली होती. मिळणार होती, बेचाळीसपर्यंत मिळते. पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. पंधरा वर्षं ज्या बाईने गाडीत दारं सोडून काही पाहिलं नाही तिने हे केलं होतं. तो स्वयंपाकघरात गेला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि कुठल्या तरी शास्त्रीय प्रश्नाच्या गांभीर्याने विचारलं,

"कुठल्या गिअरमध्ये होतीस?"

"ऑटोमॅटिक आहे ना? मी कशाला बघू?"

"नाही, म्हणजे स्पोर्ट मोडला होती का? आवाज कसा येत होता? टर्बो लागल्यावर मागून एक..."

वहिनींनी तव्यावरची पोळी उलटली.

"अरे, उगाच काहीतरी. डिकीत दहा किलो कणिक होती. सांडू नये म्हणून हळूच चालवत होते."